पंचायतीतनं बोलतोय

स्पीकरमधून आधी ठक ठक असा आवाज आला आणि नववी ब एकदम गप्प झाली.

"मी पंचायतीतनं बोलतोय. आता ऐका. वरच्या धरणाची दारं उघडल्यात. दोन तासांत पाणी खालच्या गल्लीत शिरतंय. तरी खालच्या गल्लीच्या समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतंय की म्हातारी माणसं, पोरंबाळं आणि जनावरं घेऊन ताबडतोब जोतिबाच्या माळावर जावं. सामान घेत बसायचं न्हाई. निघा."

आवाज माझ्या वडिलांचा होता. अण्णा आरगवाडी ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि गावाला जे काही कळवायचं ते पंचायतीच्या भोंग्यावरून तेच कळवायचे. पाणी किती वाजता सुटणार, लसीकरण कधी, कुणाची माती किती वाजता, सगळं. बोलण्याआधी माईकवर दोन बोटांनी ठक ठक करायची त्यांची सवय होती. ती ठक ठक ऐकली की बायका हातातलं काम थांबवायच्या.

मी तेव्हा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्याच गावच्या हायस्कूलमध्ये माझा सरावपाठ चालू होता. घटक होता आपत्ती व्यवस्थापन. मागच्या बाकावर आमचे खोत सर निरीक्षण वही घेऊन बसले होते. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, खरं हाय व्हय?" तिनं विचारलं.

"खरं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते आता आपण शोधायचं," मी हसून म्हणाले. हे वाक्य माझ्या पाठाच्या टाचणात लाल शाईनं लिहिलेलं होतं. खोत सरांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

खोत सर आम्हाला इतिहास-भूगोलाची अध्यापन पद्धती शिकवायचे. पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण करून आल्यापासून त्यांनी आमच्या मागे घटक नियोजनाचं टुमणं लावलं होतं. नियोजनाच्या तक्त्यात तंत्रज्ञानाचा एक रकाना असायचा आणि आम्ही सगळे त्यात डोळे झाकून 'प्रोजेक्टर' असं लिहायचो. सर वैतागायचे. "प्रोजेक्टर म्हणजे महागडा फळा," ते म्हणायचे. "त्यानं मुलांच्या पोटात काय हललं, ते लिहा. मुलांना बातमी सांगू नका, त्यांना बातमीत उभं करा."

मी उभं करायचं ठरवलं होतं. गावाचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र पडद्यावर दाखवायचं, नदी, काठची मळीची रानं, खालची गल्ली, ओढ्यावरची मोरी, जोतिबाचा माळ हे सगळं त्यात मुलांनी ओळखायचं, आणि अण्णांच्या आवाजातला इशारा ऐकून पाच मिनिटांत सुटकेची वाट आखायची. त्या आधीच्या मोठ्या पुरात आमच्या गल्लीत कौलांपर्यंत पाणी आलं होतं. ही मुलं तेव्हा पाळण्यात होती, पण त्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली होती.

रेकॉर्डिंग आमच्या स्वयंपाकघरात एका रविवारी केलं. आई भाकरी थापत होती. तिला मी थांबायला लावलं, कारण थापण्याचा आवाज येत होता. अण्णांनी माझ्या मोबाईलवरच दोन बोटांनी ठक ठक केलं आणि बोलायला सुरुवात केली. "मी पंचायतीतनं बोलतोय. हा सराव हाय. माझ्या लेकीच्या शाळंतला धडा हाय, घाबरायचं न्हाई, कुणी उठून पळायचं न्हाई. आता ऐका."

"अण्णा, सराव आहे असं आधीच कशाला सांगायचं?" मी म्हणाले. "मुलांना गंमत नाही वाटणार."

"मग मी बोलत न्हाई," ते म्हणाले. "माझ्या आवाजावर लोक उठत्यात, पद्मा. ते वाक्य पायजेच."

मी हो म्हटलं आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पाठाच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या संगणक खोलीत एकटी बसले आणि ते वाक्य कापून टाकलं. आठ सेकंदांचं काम होतं. जोड कळणारसुद्धा नाही इतकं सफाईदार झालं म्हणून मी दोनदा ऐकलं. टाचणात मात्र 'सरावाची सूचना व पुराचा इशारा, ध्वनिफीत' असंच राहिलं होतं.

तर नववी ब कामाला लागली. गट पडले. पडद्यावर आमचं गाव वरून दिसत होतं.

"मॅडम, सगळी एकदम निघाली तर मोरीवर अडकत्यात," एक मुलगा म्हणाला.

"छान. मग काय करायचं?"

"बायकांनी कोळ्याच्या रानातनं जायचं. पण तिथनं म्हसरं जायची न्हाईत."

बाहेर मोटारसायकलींचे हॉर्न वाजत होते. मी आवाज येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पडदे ओढले होते. मग देवळाची घंटा वाजायला लागली. दुपारी दोन वाजता कोण घंटा वाजवतंय, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला, कारण गटांच्या सादरीकरणाला सातच मिनिटं उरली होती.

दार धाडकन उघडलं. शाळेचे शिपाई दत्तूमामा उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "गाव पळालंय."

मला कळेना. मग त्यांनी कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सकाळी माझे लॅपटॉपचे छोटे स्पीकर बंद पडले होते. मामांनीच वर्गातल्या शाळेच्या ॲम्प्लिफायरला वायर जोडून दिली होती. "आवाज येतोय न्हवं? झालं मग," असं म्हणून ते गेले होते. पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी छतावरचे दोन भोंगे त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेले होते. भोंग्याच्या बटणावरचा लाल दिवा चालू होता. तो मला सकाळपासून दिसत होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की हा कशाचा.

हातातली पट्टी खाली पडली. मुलं उठली. कुणीतरी "आई" म्हणून ओरडलं. खोत सर दारात आडवे उभे राहिले आणि इतक्या जोरात ओरडले की मी त्यांचा तसा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

"एकानंही जागा सोडायची नाही. पूर नाही. काही नाही. बसा." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "चौगुले, माईक घ्या आणि सांगा त्यांना."

मी माईक घेतला. "ग्रामस्थहो, मी पद्मजा चौगुले बोलते आहे. आत्ताची सूचना हा वर्गातील पाठाचा भाग होता. कृपया कुणीही घाबरू नये." शुद्ध, स्पष्ट, कॉलेजात शिकवलेल्या आवाजात तीनदा सांगितलं आणि व्हरांड्यात धावत गेले.

कुणीही थांबलं नव्हतं. शाळेसमोरच्या रस्त्यावरून खालची गल्ली वर चालली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हाताऱ्या बसल्या होत्या, मधे शेळ्या, एकाच्या पाठीवर आजारी बाप. मोरीवर दोन बैलगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि मागे माणसांचा लोंढा दाटला होता, अगदी वर्गातल्या मुलानं सांगितलं होतं तसा. एक बाई कडेवर पोर आणि हातात कुकर घेऊन धावत होती. आमच्या गल्लीतली छबूकाकी होती ती.

"काकी, थांबा," मी ओरडले. "पूर नाही. तो माझा धडा होता."

ती थांबलीसुद्धा नाही. "तुझ्या बापानं सांगितलंय, आणि तू आम्हास्नी थांबीवतीस?"

मोरीवर कुणीतरी किंचाळलं. मला वाटलं, मेलं कोणीतरी. मी मारलं. त्या वेळी माझ्या मनात दुसरी कसलीही गोष्ट नव्हती, एवढंच होतं. आणि त्याच्या लगेच मागे, सांगायला लाज वाटते, पण हेही आलं की आता सगळ्यांना कळणार, ते वाक्य मी कापलं होतं.

अण्णा त्या दिवशी कागद द्यायला तालुक्याला गेले होते. तिसऱ्या वेळी त्यांचा फोन लागला.

"अण्णा, ती क्लिप भोंग्यावरनं गेली. सगळं गाव पळतंय, मोरीवर अडकलंय."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. "त्यात सराव म्हटलंय न्हवं मी?" ते म्हणाले.

मी वर्गाकडे धावले.

"पद्मा?"

"फोन माईकला लावते. तुम्ही बोला, अण्णा. माझं कुणी ऐकत नाही."

ते म्हणाले, "लाव."

मी मोबाईल माईकपाशी धरला. दत्तूमामांनी माझं मनगट धरून ठेवलं. भोंग्यातून ठक ठक आली.

"मी बोलतोय. पंचायतीतनं न्हाई, तालुक्यातनं बोलतोय. मगाशी ऐकलं ती जुनी टेप हुती. पूर न्हाई. धरण बंद हाय. जिथं हाय तिथं थांबा. मोरीवरच्यांनी मागं सरा, पोरांस्नी उचलून घ्या. मग सावकाश घरी या. चूक झालीया. मी येतोय."

ते त्यांनी चार वेळा सांगितलं. दुसऱ्या वेळेला मोरीवरची माणसं मागं सरली. चौथ्या वेळेला लोक रस्त्याच्या कडेला मटकन बसले होते आणि अण्णांना शिव्या देत होते. मोरीवर एका पोराचा हात चेंगरला होता, बाकी खरचटण्यावर निभावलं होतं. मला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात छबूकाकी परत आली. कुकर अजून हातातच होता.

"पद्मे, तुझी आई कुठं हाय? माळाकडं आली न्हाई ती."

घरी गेले. दार सताड उघडं होतं. गोठ्यात म्हैस नव्हती, दावं सोडलेलं होतं. शेजारचे आजोबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "म्हस सोडली, माझ्या नातवाच्या हातात दिली आणि ती खाली गेली. नदीकडं."

"नदीकडं? पूर आला म्हणून सांगितल्यावर?"

"मी हाका मारल्या. ऐकलं न्हाई तिनं."

ऑगस्ट होता. पूर नसला तरी नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. मी उसातल्या पायवाटेनं धावत सुटले. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर, पाती तोंडाला लागत होती, आणि पुढे पाण्याचा आवाज वाढत होता. मी आई, आई म्हणून ओरडत होते आणि ओरडून झालं की थांबून ऐकत होते. उत्तर येत नव्हतं. वाटेत चिखलात तिची एक चप्पल रुतलेली दिसली. ती हातात घेतली आणि माझी पुढे जायची हिंमतच होईना. पुढे नदीच होती. चप्पल छातीशी धरून मी तिथं उभी राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही.

मग उसातून रामू कोळी बाहेर आला. तो नदीकाठच्या पंपघरावर राखणीला असायचा आणि ठार बहिरा होता. त्याच्या पाठीवर आई होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि उजवा पाय विचित्र लोंबत होता.

पंपघराच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. ती रामूला सांगायला गेली होती. भोंगा सगळ्या गावानं ऐकला, पण रामूला ऐकू येणार नाही, हे त्या गडबडीत फक्त तिला आठवलं होतं. तो तिला धरायला वर आला आणि त्याच्यासमोर ती घसरून पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत बैठक झाली. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, खोत सर आणि दाराबाहेर अर्धं गाव. मी भिंतीला टेकून उभी होते. रात्रभर दवाखान्यात आईजवळ अण्णाच होते, तिथून ते सरळ आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

खोत सरांच्या हातात माझं टाचण होतं. त्यात 'सरावाची सूचना' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्या कागदावरून माझी नजर हटत नव्हती. सर बोलले की संपलं. कॉलेजातून काढतील, बी.एड. गेलं, पोलिसांत तक्रारही जाईल.

"आण्णू," सरपंच म्हणाले, "भोंगा चालू राहिला ती शाळेची चूक. ते बघू आम्ही. पण तू एवढा जुना माणूस. असलं काही बोलताना हा सराव आहे, एवढं एक वाक्य म्हणायला नको होतं?"

खोत सरांनी टाचणावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"विसरलो," अण्णा म्हणाले.

"विसरलास?"

"व्हय. वय झालं. ध्येनात आलं न्हाई."

बाहेर कुजबुज झाली. खोत सरांनी टाचणाची घडी घातली आणि ते पिशवीत ठेवलं. मी तोंड मिटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच बैठकीत ठरलं की यापुढे आण्णू चौगुले भोंग्यावर बोलणार नाही. अण्णांनी कनवटीची माईकच्या कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

तालुक्याच्या दवाखान्यात जाताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी मनाची समजूत घालत होते. एवढी धावपळ, रेकॉर्डिंगलाही एवढे दिवस झाले, त्यांना खरंच वाटत असेल की आपण विसरलो. फोनवर विचारलं होतं त्यांनी, पण माझ्याकडून उत्तर कुठं मिळालं होतं? आपलंच चुकलं असेल असं धरून चालणारे ते होतेच. या समजुतीवर मी पुढची कित्येक वर्षं आरामात काढली असती.

अण्णा औषधं आणायला खाली गेले आणि मी आईच्या उशाशी बसले. मांडीचं हाड मोडलं होतं.

"आई, तुला तर माहीत होतं ना," मी विचारलं. "रेकॉर्डिंग केलं तेव्हा तू तिथंच होतीस. काल माझा पाठ आहे हेही ठाऊक होतं. मग तू का घाबरलीस?"

तिनं डोळे उघडले. "ठक ठक ऐकली तवा मला आधी हसूच आलं. म्हटलं, पोरीचा धडा चालू झाला. मी वाट बघत हुते, आता सराव हाय म्हणतील. त्ये म्हटलंच न्हाईत. मग मी खरं धरलं."

"हे तू अण्णांना सांगितलंस?"

"कालच सांगितलं," आई म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "जरा चादर वर घे. थंडी वाजतीया."

त्या पाठाला मला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण मिळाले. निरीक्षण वहीत खोत सरांचा शेरा होता, 'श्राव्य साधन अत्यंत परिणामकारक.' तो त्यांनी देवळाची घंटा वाजायला लागायच्या आधीच लिहिला होता. टाचणाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही.

अण्णा निवृत्त होईपर्यंत पंचायतीत झाडू मारत आणि पाणी भरत राहिले. भोंग्यावर दुसरा माणूस आला. पुढे खरा पूर आला तेव्हा अण्णा घरोघर चालत गेले आणि प्रत्येक दारात उभे राहून सांगितलं. लोक निघाले. माईकला त्यांनी परत हात लावला नाही. त्या आठ सेकंदांबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, रागानंही नाही. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते आणि जिना चढताना अजून कठडा धरते.

आणि मी बी.एड. कॉलेजात तेच शिकवते, जे खोत सर शिकवायचे. गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी, प्रणोती, आपत्ती व्यवस्थापनाचं घटक नियोजन घेऊन आली. तंत्रज्ञानाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'गावातील व्यक्तीच्या आवाजातील इशारा.' तिला नमुना हवा होता. माझ्या जुन्या मेमरी कार्डात न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग अजून आहे. मी ते कधी लावत नाही. त्या दिवशी का लावलं, ते मला नीट सांगता येणार नाही.

ठक ठक. मी पंचायतीतनं बोलतोय. हा सराव हाय. माझ्या लेकीच्या शाळंतला धडा हाय.

प्रणोती मन लावून ऐकत होती. अण्णा "निघा" म्हणाले तशी ती म्हणाली, "मॅडम, काय आवाज आहे. फक्त ते सुरुवातीचं सरावाचं वाक्य काढून टाकूया का? मुलं जास्त घाबरतील, पाठ जास्त रंगेल."

तिनं बंद करायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला.

"थांब," मी म्हणाले. "संपलेलं नाही ते."

रेकॉर्डिंगमध्ये थोडा वेळ काहीच नव्हतं. मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि अण्णा मोबाईलपासून जरा लांबून बोलले, घरात बोलायचे तसे.

"पद्मा, ते सरावाचं नीट आलंय न्हवं? न्हाईतर परत बोलतो."

आणि त्यावर बावीस वर्षांच्या मुलीचा घाईतला आवाज आला, "आलंय अण्णा. अगदी स्पष्ट आलंय."